रानटी आणि मोकाट

उलानबातर सोडून पश्चिमेकडे निघाले की सुमारे १०० किलोमीटरवर हुस्ताईचे राष्ट्रीय उद्यान लागते. सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी मी तिथल्या एका उतारावर पोटावर पडून होते आणि हातात गाडीच्या चालकाची उसनी दुर्बीण होती. अंगाखाली चुरगळलेल्या झुडपांचा वास फार ओळखीचा वाटत होता, पण तो कशाचा हे बराच वेळ आठवत नव्हते. मग एकदम ध्यानात आले, की हा तर दवण्याचा वास. चैत्रात जोतिबाला वाहतात तो दवणा आणि मंगोलियाच्या माळावर मैलोन्‌मैल पसरलेली ही राखी, खुरटी झुडपे एकाच घराण्यातली आहेत. घरापासून इतक्या लांब येऊन नाकाने आधी घरचीच ओळख काढावी, याची गंमत वाटली.

थोड्या वेळाने डोंगराच्या धारेवर सात ठिपके दिसू लागले. उन्हाच्या वेळी माश्या टाळण्यासाठी हे घोडे उंचावर, वाऱ्यावर राहतात आणि संध्याकाळी पाण्यावर उतरतात, असे चालकाने सांगितले होते. पुढे एक वयस्क घोडी होती, तिच्यामागे बाकीच्या घोड्या आणि दोन शिंगरे, आणि सर्वांत मागे, मधूनमधून थबकून आमच्या दिशेला मान वळवणारा नर. दुर्बिणीत तो स्पष्ट दिसला. अंग ओल्या वाळूच्या रंगाचे, तोंडाचे टोक पिठात बुडवून काढल्यासारखे पांढुरके, गुडघ्यांखाली पाय काळसर आणि त्यांवर पुसट आडवे पट्टे, पाठीच्या कण्यावरून शेपटीपर्यंत ओढलेली एक गडद रेघ. आयाळ खाली पडलेली नव्हती, ती ताठ उभी होती, आणि कपाळावर येणारी झुलपे तर नव्हतीच. लग्नातल्या वरातीत, शर्यतीच्या मैदानावर, महाराजांच्या पुतळ्याखाली जो घोडा आपण पाहतो, त्याच्या मानाने हा ठेंगणा, पोटाळ आणि मोठ्या डोक्याचा होता.

मंगोल लोक याला ताखी म्हणतात आणि या शब्दाचे नाते पूजेशी जोडतात. उरलेले जग त्याला प्रझेवाल्स्कीचा घोडा म्हणते. निकोलाय प्रझेवाल्स्की हा रशियाच्या लष्करातला अधिकारी आणि मध्य आशियाचा प्रवासी होता. सरहद्दीवर त्याच्या हाती या घोड्याची एक कवटी आणि कातडे आले, ते त्याने सेंट पीटर्सबर्गला पोहोचवले आणि १८८१ मध्ये तिथल्या पोल्याकोव्ह या शास्त्रज्ञाने त्यावरून नव्या जातीचे वर्णन प्रसिद्ध करून तिला प्रझेवाल्स्कीचे नाव दिले. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी हा घोडा पाहिला, त्यांचा शब्द बाजूला राहिला आणि कातडे आणणाऱ्याचे नाव चिकटले. मी पुढे ताखीच म्हणेन.

हा घोडा मी आधी कुठेतरी पाहिला आहे असे मला वाटत राहिले, आणि ते खरेच होते. फ्रान्समधल्या लास्को गुहेच्या भिंतींवर सुमारे १७ हजार वर्षांपूर्वी कोणी तरी गेरूने आणि काळ्या खनिज रंगाने जे घोडे काढले, त्यांची छायाचित्रे कुठल्या ना कुठल्या पुस्तकात आपण पाहिलेली असतात. तीच ताठ आयाळ, तेच सुटलेले पोट, तोच वाळूचा रंग. युरोपातल्या हिमयुगीन चित्रांमध्ये घोड्याइतका वारंवार दुसरा कोणताही प्राणी येत नाही. पण चित्रकाराचे आणि घोड्याचे नाते काय होते, हे गुहेबाहेरची हाडे सांगतात. फ्रान्समधल्याच सोल्युत्रे इथे एका कड्याच्या पायथ्याशी हजारो घोड्यांच्या हाडांचा थर सापडला आहे, आणि जर्मनीत शोनिंगेन इथे काही लाख वर्षांपूर्वीचे लाकडी भाले घोड्यांच्याच हाडांमध्ये पडलेले मिळाले. घोड्यावर बसावे असे सुचण्याआधी माणसाने हजारो पिढ्या घोडा खाल्ला. आपल्या मनातल्या घोड्याच्या चित्रात हा भाग कुठेच नसतो.

आपल्या मनातले चित्र म्हणताना मी मराठी मनाबद्दल बोलते आहे. मराठीत घोडा पावलोपावली भेटतो. आपले घोडे अडते, ते गंगेत न्हाते, आपण वरातीमागून घोडे आणतो, घोडामैदान जवळच असते, आणि रागाला लगाम घालावा लागतो. पण हा सगळा घोडा माणसाच्या हाताखालचा आहे. रानातल्या घोड्यावर एखादी म्हण मी पुष्कळ आठवून पाहिली, पण मला एकही सापडली नाही, आणि त्याचे कारणही साधे आहे. ऐतिहासिक काळात आपल्या मुलखात रानघोडा नव्हताच. कच्छच्या छोट्या रणात आजही घुडखर आहे, पण तो गाढवाच्या कुळातला. दख्खनला घोडा बाहेरून आला, पुष्कळसा समुद्रावरून. अरबस्तानातून आणि इराणच्या आखातातून गलबते भरभरून घोडे चौल, दाभोळ, गोव्याच्या बंदरांत उतरत आणि १५१० मध्ये गोवा घेतल्यावर पोर्तुगिजांनी या व्यापाराच्या नाड्या हातात धरून दख्खनच्या सुलतानांना आणि विजयनगरला आपल्या दाराशी यायला लावले. आपल्याकडे घोडा आला तो किंमत ठरूनच आला.

मात्र आमच्या भागात एक घोडा असा होता, की त्याची किंमत कोणी फारशी केली नाही. माझे बालपण भीमेच्या खोऱ्यात गेले. भीमा आणि नीरा यांच्या काठच्या मुलखातले भीमथडीचे तट्टू मराठ्यांच्या फौजांबरोबर लांबवर जाऊन आले, आणि फौजा संपल्यावर ते धनगरांच्या वाड्याबरोबर राहिले. दिवाळी सरली, की मेंढरांचे वाडे आमच्या रानावरून कोकणाच्या वाटेला लागत. वडील त्यांना एक-दोन रात्री रानात मेंढरे बसवायची विनंती करत, कारण लेंडीखतासारखे खत नाही. मेंढरांभोवती वाघरीची जाळी लावली जाई, चूल पेटे आणि तट्टांच्या पाठीवरून सगळे बिऱ्हाड खाली उतरे: पातेली, घोंगड्या, झाकलेल्या पाटीतल्या कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरे आणि कधी कधी त्या कोकरांमध्येच बसवलेले एखादे पोर. मग म्हातारा धनगर तट्टाच्या पुढच्या दोन पायांना दोरीचा आठ आकड्यासारखा वेढा घाली आणि त्याला सोडून देई. तट्टू दोन्ही पुढचे पाय जोडीने उचलत, टुणूक टुणूक उड्या मारत चरत राही.

त्या दोरीला पायबंद म्हणतात. हा शब्द पुढे आयुष्यभर वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत वाचला, भ्रष्टाचाराला पायबंद, महागाईला पायबंद, पण माझ्यासाठी तो कायम काथ्याची ती दोरी राहिला. मी एकदा त्या म्हाताऱ्याला विचारले होते, की सोडले तर तट्टू पळून जाईल का? तो हसला आणि म्हणाला, "पळतंय कुठलं, पोरी. पर दुसऱ्याच्या जवारीत शिरलं म्हंजी भांडान माझ्या गळ्यात."

आमच्याकडे पायबंद नसलेल्या जनावराला मोकाट म्हणतात. मोकाट आणि रानटी यांत मराठी माणूस कधी गल्लत करत नाही. वाघ रानटी असतो. देवाला सोडलेला आणि बाजारपेठेत भाज्यांच्या पाट्यांत तोंड घालणारा वळू कितीही मारका असला, तरी मोकाटच. मोकाट जनावर कधी काळी कोणाचे तरी होते आणि त्याच्या पाठीमागे एक सुटलेले दावे असते. या हिशेबाने जगातले बहुतेक ‘जंगली घोडे’ मोकाट आहेत. ऑस्ट्रेलियातले ब्रम्बी गोऱ्या वसाहतवाल्यांच्या तबेल्यांतून सुटलेल्या घोड्यांचे वंशज आहेत. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या माळांवरचे मस्टँग स्पॅनिश लोकांनी नेलेल्या घोड्यांपासून आले. १५१९ मध्ये कोर्टेस मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला, तेव्हा त्याच्याजवळ सोळाच घोडे होते. मस्टँगची गोष्ट अर्थात तेवढ्यावर संपत नाही. घोड्याचे सगळे कूळच मुळात उत्तर अमेरिकेत विकसित झाले, तिथून ते बेरिंगच्या भूपट्टीवरून आशियात आले आणि सुमारे १० हजार वर्षांपूर्वी मायदेशातून नाहीसे झाले. मग मस्टँग हा परका मोकाट, की लांबून घरी परतलेला? १९७१ च्या कायद्याने त्याला अमेरिकेत संरक्षण मिळाले. तरीही दरवर्षी हेलिकॉप्टर लावून कळप हाकले जातात, कारण माळाला इतके घोडे पेलत नाहीत असे सरकार म्हणते, आणि पकडलेले हजारो घोडे सरकारी कुंपणांत गवत खात उभे आहेत. तो वाद मिटेल असे मला वाटत नाही, आणि आज मला तिकडे जायचेही नाही.

या सगळ्या मोकाट गर्दीत ताखी हा एकटाच खरा रानटी घोडा, असे विसाव्या शतकभर मानले गेले. युरोपातला दुसरा रानघोडा, तार्पान, एकोणिसाव्या शतकातच माळांवरून संपला होता. त्यामुळे ताखीचा शोध लागताच श्रीमंत हौशी लोकांना तो आपल्या कुंपणात हवासा झाला. प्रौढ ताखी हाती लागत नसत, म्हणून वसंतात घोडेस्वार कळपामागे लागत. नुकती जन्मलेली शिंगरे दमून मागे पडली, की लांब काठीच्या फासात ती अडकवली जात आणि मग पाळीव मंगोल घोड्यांच्या आचळांना लावली जात. दक्षिण युक्रेनमधल्या अस्कानिया-नोव्हा इथे फाल्झ-फाइन नावाच्या जमीनदाराकडे पहिली काही शिंगरे १८९९ मध्ये पोहोचली. १९०१ मध्ये कार्ल हागेनबेक या प्राण्यांच्या व्यापाऱ्याकडे हॅम्बुर्गला २८ शिंगरे आली. वाटेत किती मेली याचा हिशेब त्या काळी कोणाला फार महत्त्वाचा वाटला नाही. जी पोहोचली, ती युरोप-अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत आणि उमरावांच्या बागांत वाटली गेली, आणि त्यांतल्याही थोड्यांनाच पुढे संतती झाली.

त्यानंतरचे अर्धे शतक ताखीला दोन्हीकडून संपवणारे ठरले. माळावर शिकार, कडक हिवाळे आणि पाण्याच्या जागांवर पाळीव जनावरांची वाढती दाटी. कुंपणात दोन महायुद्धे. अस्कानिया-नोव्हाचा कळप जर्मन ताब्याच्या काळात नाहीसा झाला. दुसरे महायुद्ध संपले, तेव्हा सगळ्या जगात मिळून ३१ ताखी कुंपणांत जिवंत होते, आणि वाढणारे कळप म्हणावेत असे दोनच उरले, प्राग आणि म्युनिकचे. मोकळा ताखी शेवटचा दिसला तो १९६९ मध्ये, गोबीच्या एका कोपऱ्यात. त्यानंतर तो फक्त कुंपणाच्या आतच होता.

इथून पुढची गोष्ट मला सगळ्यांत चक्रावते, कारण इथून पुढे या रानटी घोड्याचा कुलवृत्तांत लिहायला सुरुवात होते. आपल्याकडे घराण्यांचे जाडजूड कुलवृत्तांत असतात, मूळ पुरुषापासून कोणाला किती अपत्ये, कोण दत्तक गेला, कोण निपुत्रिक वारला. ताखीचे अगदी तसेच आहे. १९५९ पासून प्रागच्या प्राणिसंग्रहालयात जगातल्या प्रत्येक ताखीची वंशावळ ठेवली जाते, प्रत्येकाला क्रमांक आहे, प्रत्येकाचे आईबाप नोंदलेले आहेत. आज जगात असलेले जवळपास सगळे ताखी रानातून पकडलेल्या डझनभर पूर्वजांचे वंशज आहेत, आणि कुलवृत्तांतात सहसा झाकला जातो तसा एक परिच्छेद इथेही आहे: १९०६ च्या सुमारास जर्मनीतल्या हाले इथे एका ताखी नराचा पाळीव मंगोल घोडीशी संकर केला गेला आणि ते रक्त पुढे पुष्कळ घराण्यांत उतरले. डझनभर पूर्वजांवर वंश उभा असला, की भावंडांची भावंडांशी गाठ पडू लागते, शिंगरे दुबळी होतात. १९७७ मध्ये एका डच दांपत्याने आणि त्यांच्या मैत्रिणीने या प्राण्यासाठी संस्था स्थापन केली आणि कोणता नर कोणत्या देशात पाठवायचा याची जुळवाजुळव सुरू झाली. स्थळे पाहण्याचा हा प्रकार आपल्या वधूवरसूचक मंडळांपेक्षा पुष्कळच काटेकोर होता, आणि इथे एकच कूळ टाळण्याला खरोखर कारण होते.

१९९२ च्या जूनमध्ये हॉलंडहून १६ ताखी विमानाने हुस्ताईला आले. त्याच वर्षी गोबीच्या कडेला ताखीन ताल इथेही दुसरा गट उतरला. कुंपणात सवय करून मग त्यांना सोडले गेले. लांडग्यांनी शिंगरे नेली, हिवाळ्याने माणसांची गणिते चुकवली. मंगोल ज्याला झुद म्हणतात, तो बर्फाचा जीवघेणा हिवाळा २००९-१० मध्ये आला, तेव्हा गोबीतल्या १३७ ताखींपैकी ४९ उरले. तरीही वंश टिकला. रानातून नामशेष अशी नोंद असलेला ताखी २००८ मध्ये त्या यादीतून बाहेर आला. चेर्नोबिलभोवतीच्या निर्मनुष्य पट्ट्यात १९९८ मध्ये सोडलेले ताखीही तिथे टिकले, म्हणजे माणूस पळून गेला तिथे घोडा वाढला. २०२० मध्ये टेक्सासमध्ये एका पाळीव घोडीच्या पोटी एक ताखी शिंगरू जन्माला आले, ४० वर्षे गोठवून ठेवलेल्या पेशींपासून घडवलेले. आणि २०२४ मध्ये प्राग आणि बर्लिनहून ७ ताखी कझाकस्तानच्या माळावर नेण्यात आले.

पण घोडे पेंड खाते ते याच कझाकस्तानात. तिथे उत्तरेला बोताई नावाची जागा आहे. सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वी तिथे राहणाऱ्या लोकांच्या वस्तीत जी हाडे सापडली, ती जवळजवळ सगळी घोड्यांची. मडक्यांच्या तुकड्यांत घोडीच्या दुधाचे वाटणारे अंश मिळाले, काही दातांवर लगामाची वाटावी अशी झीज दिसली, आणि माणसाने घोडा पहिल्यांदा पाळला तो इथेच असे म्हटले जाऊ लागले. २०१८ मध्ये या हाडांतली जनुके तपासली गेली आणि निघाले ते कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. आजच्या पाळीव घोड्यांचे पूर्वज बोताईचे घोडे नव्हतेच. बोताईच्या घोड्यांचा वंशज निघाला तो ताखी. पाळीव घोड्याचे मूळ आणखी पश्चिमेला, व्होल्गा आणि डॉन या नद्यांच्या माळांवर असल्याचे २०२१ मध्ये दिसून आले. इसवी सनापूर्वी २२०० च्या सुमारास तिथून निघालेला एकच वंश थोड्याच शतकांत सगळीकडे पसरला, आणि त्या वंशात पाठीचा कणखरपणा आणि स्वभावाचा शांतपणा यांच्याशी संबंधित जनुके निवडली गेली होती. माझ्या लहानपणचे पायबंद घातलेले तट्टू त्या वंशातले.

म्हणजे ताखी हाही मोकाटच, अशा आशयाचे मथळे तेव्हा झळकले. जगातला शेवटचा रानटी घोडा संपला, असेही कोणी लिहिले. मला ते मथळे वाचून राग आला होता, कारण त्या बातमीने माळावरच्या एकाही घोड्याच्या आयाळीतला केस हलला नव्हता. संपली होती ती आपली एक समजूत. पुढे २०२१ मध्ये दोन संशोधकांनी त्या दातांकडे पुन्हा पाहिले आणि अशी झीज निसर्गतःही होते, बोताईचे लोक रानघोड्यांचे शिकारीच असावेत, असे मांडले. तसे असेल तर ताखी पुन्हा रानटी ठरतो. वाद चालू आहे. मला त्यात एक वेगळाच प्रश्न दिसतो, आणि तो आमच्या गावाकडच्या हिशेबातला आहे. बोताईत समजा दोरी होती. पण ती सुटून पाच हजारांहून अधिक वर्षे झाली, शेकडो पिढ्या लांडग्यांशी आणि झुदाशी झुंजून जगल्या. पेठेतला वळू आपल्या आठवणीतल्या देवाचा असतो. ज्या दाव्याची आठवण धरणाऱ्याकडेही नाही आणि सुटलेल्याकडेही नाही, ते दावे कोणाच्या नावावर मांडायचे?

पाळीव घोड्याच्या पेशीत गुणसूत्रे ६४ असतात, ताखीच्या ६६. पण दोघांची संतती होते आणि त्या संततीलाही पुढे संतती होते. म्हणून हुस्ताईत सगळ्यांत मोठे भय लांडग्याचे नाही, पाळीव घोड्याचे आहे. मंगोलियात माणसांपेक्षा घोडे जास्त आहेत. उद्यानाच्या सीमेलगत पशुपालकांचे तंबू आहेत, आणि राखणदारांचा बराचसा वेळ पाळीव कळप आत येऊ नयेत हे पाहण्यात जातो. रोज प्रत्येक ताखी कळपाची हजेरी होते, नवे शिंगरू वहीत चढते. माझ्या दुर्बिणीतला तो नर, मधूनमधून थबकून आमच्याकडे पाहणारा, कोणाच्या पोटी आणि कोणापासून जन्मला, हे चालकाने फोन करून मला दोन मिनिटांत सांगितले असते. मी ते विचारले नाही. घोडी पाण्याशी पोहोचली, शिंगरांनी मुंड्या घातल्या, नर मात्र शेवटपर्यंत प्यायला नाही; सगळे परत फिरल्यावर तो एकटा मागे राहून घाईघाईने प्यायला आणि दुडक्या चालीने वर गेला.

त्या रात्री मी सीमेबाहेरच्या एका कुटुंबाच्या तंबूत होते. संध्याकाळचे दूध काढणे चालले होते. जमिनीलगत ताणलेल्या एका लांब दोरीला शिंगरे ओळीने बांधलेली होती आणि त्यांच्यामुळे घोड्या न बांधताही जवळपास रेंगाळत होत्या. घरातली बाई एक गुडघा टेकून, बादली दुसऱ्या मांडीवर तोलून, घोडीच्या पायाभोवती हात घालून दूध काढत होती. शिंगराला आधी दोन घोट पिऊ देऊन मग बाजूला करत होती, जशी माझी आजी वासराला करत असे.

अंधार पडता पडता घरातला मुलगा एका लाल घोडीजवळ गेला आणि खाली वाकून तिच्या पायांना काहीतरी गुंडाळू लागला. जवळ जाऊन पाहिले तर कच्च्या चामड्याचा पट्टा होता, पुढच्या दोन पायांना आणि मागच्या एका पायाला जोडणारा. आमच्याकडे दोन पाय बांधतात, इथे तीन. त्याने लाकडी खुंटी चामड्याच्या फटीतून ओढून घट्ट बसवली आणि घोडीच्या खांद्यावर थाप मारली. मी चालकाला म्हटले, की त्याला विचार, सोडली तर ही पळून जाईल का? मुलाने डोंगराच्या धारेकडे, जिथे ते सात ठिपके दिसेनासे झाले होते तिकडे, हनुवटी उडवली आणि काहीतरी सांगितले. पळणार नाही, पण रात्री वर ताखीकडे गेली तर सकाळी राखणदार येऊन आपल्याशी भांडतील, असे चालकाने भाषांतर केले.

घोडीने एक उडी मारली, थांबली, आणि दवण्याच्या वासाच्या त्या गवतात तोंड घातले.